सानगडीच्या घरातून गेलेल्या वाहिन्या

दूरचित्रवाणी संचावरील एखादी वाहिनी दिसेनाशी होणे ही काही विधिमंडळात लक्षवेधी सूचना यावी अशी घटना नव्हे. खेड्यापाड्यांतील घरांत ती रोज घडते. घडली की घरातील एखादा तरुण रिमोट हाती घेतो, चार बटणे दाबतो, जमले तर जमले. नाही तर ‘आजीनेच काहीतरी दाबले असेल’ असा निकाल देऊन मोकळा होतो. या खटल्यात आरोपीचे म्हणणे ऐकून घेण्याची प्रथा नाही. वस्तुतः चौकशी केली तर म्हातारी माणसे बहुधा निर्दोष ठरतात. वाहिनी जाते ती कोणाच्या तरी हयगयीने किंवा कोणाच्या तरी निर्णयाने; आणि तो निर्णय ज्याने घेतलेला असतो तो त्या गावात राहत नसतो.

सानगडी हे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील, धानाच्या मुलखातील गाव. जुना किल्ला, तलाव, सभोवती धानाच्या बांध्या. तेथे आमच्या आत्याबाई एकट्या राहतात. वयाची पंचाहत्तरी उलटली आहे, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. थोरला मुलगा पुण्याकडे एका कारखान्यात, धाकटा नागपुरात. पूर्व विदर्भात असे घर अपवादात्मक राहिलेले नाही; अशाच घरांची आता गावे झाली आहेत. झाडीपट्टीच्या या भागात दिवाळीनंतर मंडई भरते, रात्र रात्र नाटके चालतात, तेव्हा माणसाला माणूस भेटतो. परंतु रोवणीपासून दसऱ्यापर्यंतच्या ओल्या महिन्यांत संध्याकाळी सातच्या मराठी बातम्या, एखादे कीर्तन आणि एखादी मालिका एवढाच बाहेरच्या जगाशी संबंध उरतो. तो तुटला की काय होते, हे शहरात हातातल्या फोनवर सारे जग पाहणाऱ्यांना उमगणे कठीण आहे.

गेल्या पावसाळ्यात पोळ्याच्या आगेमागे त्यांचा फोन आला. ‘बाबू, माह्या टीव्हीतल्या बातम्या काहून गेल्या?’ जोडणी एका खाजगी कंपनीची. तिचे नाव येथे सांगून उपयोग नाही, कारण दुसऱ्या कंपनीकडे गेल्याने यातले फारसे काही बदलले असते असे वाटत नाही. दूरध्वनीवरून रोगनिदान करण्याचा प्रयत्न केला. पडद्यावर काय लिहून येते, असे विचारले. त्यांचे उत्तर होते की काहीतरी इंग्रजीत येते. एका ठिकाणी निळे येते आणि एका ठिकाणी काळ्यावर पट्टी येते. हे वर्णन हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. पुढे प्रत्यक्ष जाऊन पाहिले तेव्हा कळले की आत्याबाईंनी अक्षर न वाचता रोग अचूक सांगितला होता. त्यांच्या संचाला दोन वेगवेगळे विकार एकाच वेळी झाले होते. निळ्या पडद्यावरचा संदेश सांगत होता की आकाशातून लहर पोचत नाही. काळ्यावरची पट्टी सांगत होती की ही वाहिनी तुमच्या पॅकमध्ये नाही. पहिला दोष छतावरचा, दुसरा कंपनीच्या वहीतला. दोन्ही संदेश इंग्रजीत, दोन्हींच्या शेवटी एक सांकेतिक आकडा, आणि दोन्हींचा वापरणाऱ्या बाईला मिळणारा अर्थ एकच: बातम्या गेल्या.

छतावरचा दोष आधी पाहू, कारण तो सरळ आहे, आणि घरोघरी उपयोगी पडेल. सगळ्याच वाहिन्या गेल्या असतील तर छत्री हलली आहे किंवा तार तुटली आहे असे धरून चालावे. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर असतो, आणि आपली छत्री त्याच्याकडे बोट दाखवून उभी असते. बोट दोनतीन अंशांनी हलले तरी काम संपले. आमच्याकडे हे काम वानरे करतात. छत्रीच्या दांडीवर एक वानर बसून गेले की पुरे. धो धो पावसात वाहिन्या अर्धा तास जातात आणि परत येतात, तो मात्र दोष नव्हे. लहान छत्रीसाठी ज्या सूक्ष्म लहरी वापरतात त्या पावसाच्या थेंबांत विरतात, एवढेच. फेब्रुवारीच्या अखेरीस-मार्चच्या आरंभी आणि पुन्हा ऑक्टोबरात काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि दिवसा काही मिनिटे चित्र जाते. तेही आपोआप ओसरते. अशा वेळी घाबरून बटणे दाबू नयेत, हे म्हाताऱ्या माणसांना कोणीतरी एकदा सांगायला हवे, आणि ते आजवर कोणी सांगितलेले नाही.

परंतु सगळ्या न जाता काही वाहिन्या गेल्या आणि काही राहिल्या, तर? आत्याबाईंकडे नेमके हेच झाले होते, आणि येथेच बाहेरून येणारा माणूस ‘छत्री ठीक आहे, तुम्हीच काहीतरी केले’ असे म्हणतो. वास्तविक उपग्रहावरून लहरी दोन प्रकारे येतात, काही उभ्या, काही आडव्या. छत्रीच्या तोंडाशी जो लहान डबा असतो, ज्याला सारे एलएनबी म्हणतात, त्याने यापैकी कोणती घ्यायची हे घरातील सेट टॉप बॉक्स त्याच तारेतून कमीअधिक दाब पाठवून ठरवतो: एकीसाठी १३ व्होल्ट, दुसरीसाठी १८. तारेच्या सांध्यात पाणी शिरून गंज चढला की वरचा दाब पोचत नाही आणि निम्म्या वाहिन्या एकदम अदृश्य होतात. ज्या राहतात त्या स्वच्छ दिसतात, म्हणून यंत्र ठीक आहे असा भास होतो. आत्याबाईंच्या घरी एलएनबीला जोडणारी पितळी चकती हिरवी पडली होती. तार वरून थेट खाली आणलेली असल्याने पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळत सरळ सांध्यात जात होते. सांध्याआधी तारेला एक झोळ दिला असता तर पाणी झोळाच्या तळाशी गळून गेले असते. तारेचे गंजलेले टोक कापले, नवी चकती बसवली, वरून चिकटपट्टी गुंडाळली, झोळ दिला. साहित्याचा खर्च एका जेवणाहून कमी. सातच्या बातम्या आल्या. संच बंद-चालू करावा लागला तो एकदाच.

ज्याने ही छत्री बसवली त्या पोराला दोष देण्याची इच्छा नाही. असली कामे बहुधा नगावर मजुरी देऊन करून घेतली जातात. दिवसाला जितक्या छत्र्या तितके पैसे असा हिशेब असला की झोळ कोण देत बसतो? त्याला ते शिकवण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही, आणि दोन पावसाळ्यांनंतर त्या घराचे काय होते हे पाहण्याचे त्याला कोणी पैसेही देत नाही.

आता वहीतला दोष. आत्याबाईंच्या पॅकमधून तीन मराठी वाहिन्या गेल्या होत्या. कंपनीने पॅकची रचना बदलली होती आणि तसे कळवलेही होते. थोरल्या मुलाच्या मोबाइलवर, कारण जोडणी घेतली तेव्हा क्रमांक त्याचा दिला होता. तो संदेश पुण्याकडे पाळी करणाऱ्या माणसाच्या फोनवर जाहिरातींच्या ढिगात पडून राहिला. वाहिन्या परत घ्यायच्या तर फोन करा. फोन केला तर यंत्र बोलते. यंत्राशी निभावले तर ग्राहक क्रमांक सांगा. तो सांगितला तर नोंदणीकृत मोबाइलवर आलेला आकडा सांगा. तो मोबाइल पुण्याला, आणि त्याचा मालक रात्रपाळी करून झोपलेला. पैसे भरणाऱ्या, संच पाहणाऱ्या, ज्यांच्या घराच्या छतावर ती छत्री उभी आहे त्या आत्याबाई या साऱ्या व्यवहारात कोणीच नव्हत्या. हिशेबाच्या वहीत त्यांचे अस्तित्वच नाही. दोन दिवसांनी वाहिन्या आल्या, महिन्याचा आकडा वाढून.

हे एका कंपनीच्या गलथानपणाचे उदाहरण मानले तर प्रश्न लहान होतो. तो लहान नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरव्यवस्था १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली, तेव्हा तिची जाहिरात ग्राहकाचे निवडस्वातंत्र्य अशी करण्यात आली. पाहाल तेवढ्याचेच पैसे द्या, हे सूत्र कोणालाही पटावे असेच होते. पण निवड सुरू होण्याच्या आधीच केवळ १०० वाहिन्यांपर्यंतच्या जोडणीचे १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, प्रत्येक घरावर बसले. सशुल्क वाहिन्यांचे दर त्यावर. सुट्या वाहिन्यांचे दर असे ठेवले गेले की गठ्ठाच स्वस्त वाटावा. मुदत संपली तरी कोट्यवधी घरांनी काहीच निवडले नव्हते. मग मुदत ३१ मार्चपर्यंत वाढवून सेवादात्यांना सांगण्यात आले की ज्यांनी निवड केली नाही त्यांच्यासाठी योग्य वाटेल तो पॅक तुम्ही ठरवा. निवडस्वातंत्र्याचा हा शेवट पुरेसा बोलका आहे. ज्याला इंग्रजी यादी वाचता येते, ज्याच्या हाती स्वतःचा मोबाइल आहे आणि ज्याला दर महिन्याला हिशेब करायला सवड आहे, त्याला स्वातंत्र्य मिळाले; इतरांची निवड विक्रेत्याने केली. पुढे जुलै २०२४ मध्ये जोडणी शुल्कावरील मर्यादाही प्राधिकरणाने उठवली.

येथे कोणी म्हणेल, की मग सरकारी फुकटची छत्री का घेत नाहीत? प्रश्न रास्त आहे. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, आज ती डीडी फ्री डिश या नावाने चालते, आणि देशातील चार कोटींहून अधिक घरांत ती असल्याचा अंदाज आहे. मासिक भाडे नाही, वही नाही, मोबाइलवर येणारा आकडा नाही. सानगडीहून आग्नेयेला तोंड करून, आकाशात साधारण साठ अंशांवर रोख धरून उभ्या असलेल्या छत्र्या त्या याच. गरिबांच्या घरांतील दूरचित्रवाणी ती हीच, आणि या देशात सार्वजनिक क्षेत्राने केलेल्या चांगल्या कामांत तिची गणना व्हायला हवी.

परंतु तेथेही वाहिन्या जातात, आणि जेथे वही नाही तेथे त्या कशा जातात हे पाहण्यासारखे आहे. या मंचावरील खाजगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात. कोट्यवधींच्या बोली लागतात, वर्षाचे चक्र १ एप्रिलला फिरते. ज्याची बोली कमी पडली किंवा ज्याला बोली लावावीशी वाटली नाही, त्याची वाहिनी त्या दिवशी अदृश्य होते. १ मार्च २०१९ रोजी स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि रिश्ते या चार वाहिन्या एकदम या मंचावरून निघून गेल्या. जी वस्तू येथे फुकट दिसते ती सशुल्क मंचावर विकणे अवघड, हा साधा व्यापारी हिशेब त्यामागे होता. २०२० मध्ये त्या परत आल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. खेड्यातील घरात याचा अर्थ एवढाच, की काल होते ते आज नाही. दुरुस्ती करणाऱ्याला बोलावले जाते, तो डबा नव्याने शोधावर लावतो, नवे काही सापडते, जुने सापडत नाही, आणि तो आपले पैसे घेऊन जातो. शिवाय मंचावरील काही वाहिन्या नव्या प्रकारच्या संकेतात येतात. जुन्या डब्याला त्या कितीही शोधल्या तरी दिसत नाहीत, नवा डबा घ्यावा लागतो. लिलावाला आमचा सरसकट विरोध नाही, सार्वजनिक संस्थेला पैसा लागतोच. पण मराठीसारख्या कोट्यवधींच्या भाषेतील करमणुकीची जागा दरवर्षी बोलीवर अवलंबून राहावी, आणि बदल झाल्याचे प्रेक्षकाला वाहिनी गेल्यावरच कळावे, यात सार्वजनिक असे काय उरले?

पूर्वी याहून साधी सोय होती. घरावरच्या अल्युमिनियमच्या दांड्यांच्या अँटेनावर जवळच्या प्रक्षेपण केंद्राचे चित्र यायचे. दिशा चुकली तर घरातील पोरगे छतावर चढून फिरवायचे आणि खालून ‘आले, आले’ असा पुकारा व्हायचा. प्रसार भारतीने ती जुन्या पद्धतीची केंद्रे, मोक्याची थोडी वगळता, मार्च २०२२ पर्यंत बंद केली. तांत्रिकदृष्ट्या निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्या दिवसापासून खेड्यातील प्रत्येक घर छत्रीवर किंवा तारेवर, म्हणजे कोणाच्या तरी डब्यावर, अवलंबून झाले; आणि त्या डब्याची देखभाल कोणी करायची, हा प्रश्न सरकारच्या कागदावर कोठेच आला नाही.

तो एके काळी आला होता. साकोलीवरून जाणाऱ्या महामार्गाने पूर्वेला निघाले की राज्याची हद्द ओलांडून आपण दुर्ग आणि रायपूरला पोचतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या उपग्रहावरून शैक्षणिक कार्यक्रम थेट खेड्यांत पोचवण्याचा जो प्रयोग इस्रोने केला, त्यातील सहा राज्यांच्या सुमारे २,४०० गावांत या भागातील गावेही होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. तारेच्या जाळीच्या दहा फुटी छत्र्या, गावाच्या सामाईक जागी ठेवलेला एक संच, संध्याकाळी जमलेले गाव. कार्यक्रमांवर टीका झाली, आणि ती अनेकदा योग्य होती. वरून खाली उपदेश करण्याचा सरकारी सूर त्यात होताच, वर्षही आणीबाणीचे होते. पण त्या योजनेत एक गोष्ट आरंभापासून गृहीत होती: खेड्यातील संच बिघडणार, आणि तो दुरुस्त करणे हे योजनेचेच काम आहे. त्यासाठी दुरुस्तीची केंद्रे उभारली होती. उपग्रह सोडणाऱ्यांनी गंजणाऱ्या चकतीचा विचार केला होता. पन्नास वर्षांनंतर उपग्रह आपले आहेत, घरोघर छत्र्या आहेत, आणि चकतीचा विचार आत्याबाईंच्या भाच्यावर सोपवलेला आहे. ज्यांना भाचा नाही त्यांचे काय, हे विचारू नये.

या व्यवहाराला बाजार म्हणून सोडून देता येत नाही, याचे कारण ९ फेब्रुवारी १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. प्रकरण होते क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचे, बंगालच्या क्रिकेट संघटनेचे. परंतु न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या त्या निकालपत्रात आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांचा वापर सार्वजनिक हितासाठी आणि सार्वजनिक संस्थेच्या नियमनाखाली व्हावा, आणि प्रेक्षकाचा माहिती मिळवण्याचा हक्क हा त्यातला मध्यवर्ती हक्क आहे, अशी भूमिका घेतली गेली. एका क्रिकेट स्पर्धेच्या भांडणातून सानगडीच्या म्हातारीचा हक्क सिद्ध व्हावा, हा आपल्या न्यायव्यवस्थेचा एक गमतीदार उपकार आहे. तळ्याचे पाणी गावाचे असेल तर पाट कोणी बंद केला हे विचारण्याचा गावाला अधिकार असतो. लहरी जनतेच्या असतील तर त्या कोणत्या घरात का पोचत नाहीत हे सांगण्याचे बंधन, त्या वापरून नफा मिळवणाऱ्यांवर आणि त्यांचे नियमन करणाऱ्यांवर येते.

आमच्यातच असे म्हणणारे मित्र आहेत की या मालिका बंद पडल्या तर बरेच. म्हातारीचे डोळेही वाचतील आणि डोकेही. मालिकांविषयी त्यांच्याशी वाद घालण्याची इच्छा नाही, दागिने घालून झोपणाऱ्या त्या सुनांचा कोणालाही कंटाळा येतो. पण कोणी काय पाहावे हे ठरवण्याचा अधिकार म्हाताऱ्या माणसाकडून काढून घ्यायचा तर तो आपणही घेऊ नये आणि कंपनीलाही देऊ नये. आणि प्रश्न मालिकांपुरता नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहरासह जिल्ह्यातील कित्येक गावांत पाणी शिरले, तेव्हा एकट्या माणसांच्या घरात कोठले पाणी किती चढले हे सांगणारा तो संच होता. आधारभूत धान खरेदीची केंद्रे, नोंदणीची मुदत, पावसाचा अंदाज, निवडणुकीचा दिवस हे सारे तेथूनच कळते. ज्याला वाचता येत नाही किंवा आता दिसत नाही, त्याच्यासाठी बातमीपत्र हेच वर्तमानपत्र आहे.

तेव्हा मागायचे काय? नियामक प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमावलीत वाहिनीला दिलेला क्रमांक निदान एक वर्ष बदलू नये असे बंधन आहे. ज्या बोटांनी पाच वर्षे एकच आकडा दाबला त्यांना वर्ष फार थोडे आहे. सह्याद्री आणि दूरदर्शनच्या बातम्या यांना सर्व मंचांवर, देशभर, एकच कायमचा क्रमांक मिळावा. आपत्तीच्या वेळी तोच आकडा गावाला सांगता येईल. पडद्यावरचा संदेश महाराष्ट्रात मराठीत यावा, आणि लहर पोचत नाही की पैसे कमी पडले हे त्यातून निरक्षरालाही कळावे, निदान रंगावरून. पॅक बदलणार असेल तर त्याची सूचना महिनाभर आधी पडद्यावरच, बोलून दाखवावी. पुण्याच्या मोबाइलवर पाठवून कर्तव्य संपू नये. फ्री डिशवर प्रत्येक राज्यभाषेसाठी लिलावाबाहेरच्या काही जागा राखाव्यात, आणि १ एप्रिलला जाणाऱ्या वाहिन्यांची यादी मार्चमध्येच त्याच मंचावर दाखवावी. आणि तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी एकदोघांना ग्रामपंचायतीमार्फत छत्रीदुरुस्तीचे ठरलेल्या दराचे काम द्यावे. साकोलीहून येणारा माणूस येण्याजाण्याचेच जे पैसे घेतो, तेवढ्यात पाच घरांच्या चकत्या बदलून होतील. पहिली फेरी रोवणीच्या आधी, मृग लागण्यापूर्वी व्हावी, म्हणजे सांध्यांना चिकटपट्टी पावसाआधी बसेल.